खुशालीचे पत्र

नया बाजारातल्या आपल्या मराठी घरांचे काका, मामा, आत्या पुण्या-इंदुराकडे पसरलेले. एकमेकांची खुशाली कळायची ती पोस्टकार्डाने. आपल्या देशात हे कार्ड १८७९ साली पाव आण्यात सुरू झाले. पुढे १८८५ पासून ग्वाल्हेर संस्थानात इंग्रजी अमलाच्याच तिकिटांवर 'ग्वालियर' छापून ती वापरीत. ते तिकीट लावलेले पत्र थेट पुण्यालाही जाई.

वर्गात जुनी पत्रे दाखवली, तेव्हा 'शि. सा. न. वि. वि.' मुलांना उलगडेना. (दोन पालकांनाही नाही!) ते आहे 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष'. आईवडिलांना 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'अ. उ. आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद.

मजकूर अगदी साधा. धाकटीला दात आला, लोणचे घातले, मेळ्याला जाऊन आलो. १९०५ साली सुरू झालेला आपला मेळा पुण्याच्या कित्येक भावंडांनी असा कार्डावरच पाहिला. कार्ड उघडे, पोस्टमनही वाचणार, म्हणून घरातली भांडणे त्यात नसत. ती पाकिटात! कोपरा फाडलेले कार्ड आले, की न वाचताच दुःखाची बातमी समजे.

आता मोबाईलवर सहलीचा फोटो क्षणात जातो. पण वाटेत काय घडले, आजी का हसली, हे त्यासोबत जात नाही आणि मुलांना चार ओळी मराठी लिहावी लागत नाही. म्हणून या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका नातेवाइकाला पत्र लिहून घेणार आहोत. कार्डे शाळा देईल. पालकांनी पत्ता लिहून पाठवावा, पिनकोडसह.