मानेतली गाठ काढण्याआधी एक प्रश्न विचारा : थायरॉईड जागेवर आहे का?

विहारांत आणि वस्त्यांत होणाऱ्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासले जाते. थायरॉईडबद्दल मात्र आपल्या घरांत 'वजन वाढते' यापलीकडे फारशी माहिती नसते. आज आम्ही थायरॉईडच्या एका दुर्मीळ स्थितीविषयी लिहीत आहोत. तिच्यावर लिहिण्याचे कारण एवढेच की, ती न ओळखता शस्त्रक्रिया झाली तर रुग्ण आपली एकमेव थायरॉईड ग्रंथी गमावू शकतो.

ग्रंथी भलत्या जागी कशी राहते?

गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना थायरॉईड ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होऊ लागते. तिथून ती खाली सरकते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास मानेत, श्वासनलिकेच्या पुढे येऊन थांबते. हा प्रवास अर्धवट राहिला, तर ग्रंथी वाटेतच राहते. यालाच 'एक्टोपिक थायरॉईड' म्हणतात. सुमारे 90 टक्के रुग्णांत ती जिभेच्या मुळाशीच असते. काहींमध्ये ती हनुवटीखाली मानेच्या मध्यभागी, तर क्वचित छातीत सापडते. साधारण एक ते तीन लाख लोकांत एखाद्याला हे असते आणि स्त्रियांत प्रमाण जास्त आढळते.

आईने ग्रहणात काही चिरले म्हणून किंवा मागच्या जन्मीच्या पापामुळे हे होत नाही. आजच्या दुःखाचे खापर गतजन्मावर फोडणारा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. निदान आजाराच्या बाबतीत तरी आपण तो घरात शिरू देऊ नये.

लक्षणे कोणती?

अनेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. त्रास झाला तर घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, गिळायला जड जाते, आवाज बदलतो, झोपेत घोरणे वाढते, कधी थुंकीतून रक्त येते. वयात येताना आणि गरोदरपणात शरीराला थायरॉईड हार्मोन जास्त लागते. ते पुरवण्यासाठी ही ग्रंथी फुगते आणि तेव्हाच ती पहिल्यांदा लक्षात येते. सोबत थकवा, बद्धकोष्ठता, पाळीच्या तक्रारी, लहान मुलांत खुंटलेली वाढ ही हार्मोन कमी पडल्याची चिन्हे असू शकतात.

चूक कुठे होते?

मुलाच्या किंवा मुलीच्या मानेत मध्यभागी गाठ दिसते. अशी गाठ बऱ्याचदा 'थायरोग्लॉसल सिस्ट' असते आणि ती शस्त्रक्रियेने काढतात. पण भलत्या जागी राहिलेली थायरॉईडही अगदी तशीच दिसू शकते. जिभेच्या मुळाशी ग्रंथी असलेल्या सुमारे 70 टक्के रुग्णांत दुसरीकडे कुठेही थायरॉईड नसते. म्हणजे 'गाठ' म्हणून जे कापले, तेच शरीराचे सगळे थायरॉईड हार्मोन बनवत होते!

हे टाळायला फार मोठा खर्च लागत नाही. शस्त्रक्रियेआधी मानेची सोनोग्राफी करून ग्रंथी नेहमीच्या जागी आहे की नाही, हे पाहायचे. सोबत रक्तातील टीएसएच आणि टी-4 तपासायचे. ग्रंथी जागेवर दिसली नाही, तर न्यूक्लिअर स्कॅन करतात. टेक्नेशियम किंवा आयोडीनचे अत्यल्प किरणोत्सारी औषध दिले की शरीरात थायरॉईड जिथे असेल तिथे ते गोळा होते आणि चित्रात दिसते. ही सोय प्रत्येक गावात नाही. मुंबईत परळ येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर थायरॉईड रुग्णांसाठी अनेक दशके ओळखले जाते. गाठीचा आकार आणि श्वासमार्गावरचा दाब पाहण्यासाठी सीटी किंवा एमआरआय लागू शकतो.

उपचार

त्रास नाही आणि हार्मोन योग्य आहेत, तर ठरावीक काळाने तपासणी पुरेशी असते. हार्मोन कमी असेल तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात. तिने कमतरता भरून निघते आणि टीएसएच खाली आल्याने गाठही हळूहळू लहान होऊ शकते. श्वास किंवा गिळणे अडत असेल, वारंवार रक्त येत असेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. मात्र अशा गाठीत कर्करोग फार क्वचित आढळतो. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन देतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना ते चालत नाही.

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करावा. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. गरोदर राहिल्यावर गोळी बंद करू नये, उलट लगेच डॉक्टरांना सांगावे, कारण डोस बहुधा वाढवावा लागतो.

नवजात बाळासाठी

जन्मजात थायरॉईड कमतरतेचे एक मोठे कारण हीच भलत्या जागची ग्रंथी आहे. बाळ जन्मतः ठणठणीत दिसते, पण उपचाराला उशीर झाला तर मेंदूचे नुकसान भरून येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुले इतरांसारखीच शिकतात, वाढतात. म्हणून प्रसूतीनंतर दवाखाना सोडण्याआधी बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन टीएसएच तपासले का, हे विचारा. तपासणी तिथे होत नसेल, तर कुठे होईल ते विचारा.

मुलीला थायरॉईड आहे हे लग्न मोडेल या भीतीने लपवले जाते, गोळ्या चोरून घेतल्या जातात, मग सुटतात. रोज एक गोळी घेणारी मुलगी शिकू शकते, नोकरी करू शकते, आई होऊ शकते. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

आरोग्य शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची एकच विनंती आहे. मानेत गाठ असलेला कोणी भेटला तर त्याला गंडा-ताईतापासून दूर न्याच, पण थेट ऑपरेशनच्या टेबलावरही पाठवू नका. आधी सोनोग्राफीला पाठवा आणि शक्य असेल तर सोबत जा.