वैरणं म्हणजे ओतणं नव्हे

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांविषयी बोललो. आज घरातल्या जुन्या शब्दांविषयी बोलू या. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या ताईंना हे काय मधेच सुचलं? तर ते सुचलं नुकसान झाल्यावर.

आमचा गट माणदेशातला, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला. गेल्या उन्हाळ्यात आम्ही विक्रीसाठी बाजरीच्या खारोड्या घालायचं ठरवलं. गटातल्या सगळ्यात थोरल्या आज्जींना कृती विचारली. त्या म्हणाल्या, "बाजरी ओलवून कांडा, पाखडा, वाळवून भरडा. आधणात तीळ, लसूण, मीठ टाका. आधण खळाळलं की भरडा वैरा." आम्ही सगळं वहीत उतरवून घेतलं. आधण म्हणजे उकळायला ठेवलेलं पाणी, एवढं आम्हाला ठाऊक होतं. 'वैरा' म्हणजे टाका, असं आम्ही धरून चाललो आणि पाच किलोचा भरडा एकदम पातेल्यात ओतला.

झालं! वरून चिकट लगदा आणि आत कोरड्या पिठाच्या गुठळ्या. विकण्याजोगं काही उरलं नाही. बाजरी, तीळ, लसूण, जळण आणि सात जणींचा अख्खा दिवस वाया गेला. आज्जींनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्या वैरा म्हणलं, वता न्हाय म्हणलं."

मैत्रिणींनो, जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे सोडायचे, त्याला वैरणं म्हणतात. तसंच उकळत्या आधणात एका हाताने थोडं थोडं पीठ सोडायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, तेही वैरणंच. किती टाकायचं, कोणत्या वेगाने टाकायचं आणि दुसऱ्या हाताने काय करायचं, हे सगळं त्या एका शब्दात होतं. आम्ही शब्द लिहून घेतला, त्यातलं काम विचारलं नाही.

आम्ही आज्जींना म्हणालो, "तुम्ही आम्हाला तिथंच का नाही थांबवलं?" त्या म्हणाल्या, "माझ्या बोलण्याला तुमी हसता. मग कशाला तोंड घालू?" आम्ही गप्प झालो. कारण खरंच होतं ते. एका बैठकीत त्या 'चिपटं' म्हणाल्या होत्या, तेव्हा आमच्यातल्या शिकलेल्या पोरी हसल्या होत्या. त्या दिवसापासून आज्जी बैठकीला येत, अंगठा देत आणि न बोलता घरी जात. गटाचं खरं नुकसान पाच किलो बाजरीचं नव्हतं, हे होतं.

म्हणून आता त्या चिपट्याचाच हिशेब समजून घेऊ. दोन चिपटी म्हणजे एक मापटं. दोन मापटी म्हणजे एक शेर. चार शेरांची एक पायली, आणि अर्ध्या पायलीला म्हणतात अधोली. 1956 साली किलो-लिटरच्या मापांचा कायदा झाला आणि पुढे बाजारातून शेर-पायली मागे पडली. घरातून मात्र ती गेली नाही. अजूनही पापड-कुरडयांची कृती आज्जी मापट्यानेच सांगतात.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. मापटं आणि पायली ही भरून मोजायची मापं आहेत, तोलायची नाहीत. बाजरीची पायली आणि पोह्यांची पायली एका वजनाची कशी भरेल? शिवाय पायली गावोगाव लहानमोठी असते. म्हणून 'पायली म्हणजे इतके किलो' असा एकच आकडा धरू नका. घरातलं मापटं घ्या, त्यात जो जिन्नस लागणार तोच भरा, तो तोला आणि वजन कृतीशेजारी लिहून ठेवा. माप सपाट भरलं की शीग लावून, तेही लिहा. माप काठोकाठ भरल्यावर वर जो ढीग उभा राहतो ती शीग. 'उत्साह शिगेला पोचला' असं आपण म्हणतो ना, ती हीच शीग. शेजारणीला धान्य उसनं देताना म्हाताऱ्या बायका हे बरोबर पाहत. शिगेनं नेलं तर शिगेनं परत करायचं, सपाट नेलं तर सपाट.

आता म्हणींकडे येऊ. वस्तू घरातून गेली की म्हण पोरींना कळेनाशी होते. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?' आड म्हणजे विहिरीसारखा खोल, अरुंद पाणवठा आणि पोहरा म्हणजे त्यात दोराने सोडायचं भांडं. बचत भरायची नाही आणि कर्ज मात्र मागायचं, अशा वेळी ही म्हण आमच्या बैठकीत चपखल बसते. दुसरी म्हण, 'ताकाला जाऊन भांडं लपवणं.' कर्ज हवं असतं दवाखान्यासाठी आणि बाई लाजून अर्जात शेळीचं नाव सांगते. खरं सांगितलं तर गट हप्ता सोयीचा करून देऊ शकतो. तिसरी, 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात.' जात्यात पडलेले दाणे भरडले जात असतात, सुपातल्यांची पाळी अजून यायची असते. एखादीचा हप्ता थकला की तिला हसण्याआधी ही म्हण आठवावी.

सगळ्याच म्हणी मात्र जपायच्या नाहीत. 'चुलीतलं लाकूड चुलीतच जळावं' असं सांगून आपल्यातल्या कितीतरी जणींना मार खाऊन गप्प बसवलं गेलं. ती म्हण आम्हीही वहीत लिहिली, पण शेजारी लिहिलं, 'ही पुढे चालवायची नाही.'

वही कशी करायची ते सांगतो. मासिक बैठकीचं काम संपलं की दहा मिनिटं काढायची. एका थोरल्या बाईने एक शब्द सांगायचा आणि एका सुनेने तो लिहायचा. अर्थ शब्दांत नाही कळला तर हाताने करून दाखवायला सांगायचं. पाखडणं आणि घोळणं यातला फरक सूप हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पाखडताना कोंडा उडतो, घोळताना खडे बाजूला येतात. सुनांनी आपल्या माहेरचाही शब्द सांगायचा. कुणी उलथणं म्हणते, कुणी कालथा, कुणी सराटा. तिघींची भाकरी उलटतेच, म्हणून कुणाचा शब्द चुकीचा ठरवायचा नाही. आणि हसायचं नाही, हा नियम आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा खारोड्या घातल्या. या वेळी भरडा आज्जींनी वैरला आणि आमची एक नवी सून ढवळत होती. एकही गुठळी झाली नाही. आज्जी आता बैठकीत बोलतात, कधी कधी आम्हाला रागावतातही. पुढच्या बैठकीला तुमच्या गटातल्या गप्प बसणाऱ्या आज्जीला एक शब्द विचारा, आणि तो आम्हालाही कळवा.