मानवी खच्चीकरण : शस्त्रक्रिया आणि औषधोपचार

खच्चीकरण म्हणजे पुरुषाच्या वृषणांचे कार्य कायमचे किंवा तात्पुरते बंद पाडणे. वृषणांची प्रमुख कार्ये दोन आहेत : शुक्राणूंची निर्मिती आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुष संप्रेरकाचे स्रवण. वृषणे शस्त्रक्रियेने काढून टाकल्यास त्याला वृषणोच्छेदन किंवा शस्त्रक्रियात्मक खच्चीकरण म्हणतात. वृषणे जागेवर ठेवून औषधांनी त्यांचे संप्रेरक-स्रवण थांबवल्यास त्याला औषधी किंवा रासायनिक खच्चीकरण म्हणतात. आधुनिक वैद्यकात या दोन्ही पद्धतींचा सर्वाधिक वापर पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगावरील उपचारात होतो.

खच्चीकरण आणि नसबंदी या भिन्न गोष्टी आहेत. नसबंदीत केवळ शुक्रवाहिन्या बंद केल्या जातात. टेस्टोस्टेरॉनचे स्रवण पूर्ववत चालू राहते आणि कामेच्छा, दाढी-मिशा व स्नायूंची ताकद यांवर परिणाम होत नाही. किरणोत्साराचा परिणामही खच्चीकरणापेक्षा वेगळा असतो. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी अल्प मात्रेनेही नष्ट होऊ शकतात. परंतु टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या लायडिग पेशी त्या मानाने चिवट असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्राचीन व मध्ययुगीन काळात खच्चीकरण हे शिक्षा, गुलामगिरी आणि राजसेवा यांच्याशी निगडित होते. चीनमधील हान काळातील इतिहासकार सिमा छ्येन यास सम्राटाच्या रोषामुळे ही शिक्षा भोगावी लागली. बायझंटाईन, ऑटोमन आणि चिनी दरबारांत अंतःपुराच्या व प्रशासनाच्या सेवेत खच्ची केलेले पुरुष नेमले जात. भारतात अशा पुरुषांस खोजा म्हणत. अलाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर, ज्याने देवगिरीच्या यादवांवर स्वारी केली, तो असाच खोजा गुलाम होता. इटलीत मुलांचा आवाज फुटू नये म्हणून वयात येण्यापूर्वी त्यांचे खच्चीकरण केले जाई. अशा ‘कास्त्राती’ गायकांपैकी अलेस्सांद्रो मोरेस्की (मृत्यू १९२२) याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. या सर्व प्रकारांत रक्तस्राव, जंतुसंसर्ग व मूत्रमार्गातील अडथळा यांमुळे मृत्यू ओढवत असत.

१९४१ मध्ये शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले की, पुरःस्थ ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगात वृषणे काढल्यास किंवा इस्ट्रोजेन दिल्यास रोग माघार घेतो. या कार्याबद्दल हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शस्त्रक्रियेने आणि औषधाने एकच परिणाम साधता येतो, ही गोष्ट या संशोधनात प्रथमपासूनच अंतर्भूत होती.

शस्त्रक्रियात्मक पद्धत

द्विपार्श्व वृषणोच्छेदन ही तुलनेने छोटी शस्त्रक्रिया आहे. ती पाठीच्या कण्यातून दिलेल्या किंवा स्थानिक भुलीखाली करता येते आणि रुग्णास बहुधा लवकर घरी जाता येते. तिच्या एका प्रकारात वृषणाचे बाह्य आवरण तसेच ठेवून केवळ आतील ऊती काढल्या जातात, त्यामुळे वृषणकोश रिकामा दिसत नाही. इच्छा असल्यास कृत्रिम वृषणही बसवता येते. शस्त्रक्रियेनंतर एका दिवसाच्या आत रक्तातील टेस्टोस्टेरॉन झपाट्याने खाली येते. कर्करोगाची गाठ मज्जारज्जूवर दाब देत असल्यास ही तत्परता निर्णायक ठरते. जखमेतून रक्तस्राव होणे, रक्त साकळणे व जंतुसंसर्ग हे या शस्त्रक्रियेचे संभाव्य धोके होत.

औषधी पद्धती

इस्ट्रोजेन : १९३८ मध्ये तयार झालेले डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन या कामी दीर्घकाळ वापरले गेले. मात्र दररोज ५ मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्या रुग्णांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढल्याचे अमेरिकेतील मोठ्या चाचण्यांत आढळल्यावर त्याचा वापर घटला.

जीएनआरएच-सदृश औषधे : मेंदूतील अधोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच नावाचे संप्रेरक ठराविक अंतराने स्रवतो. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी उद्दीपित होते आणि ती वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करण्याचा संदेश देते. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन व ट्रिप्टोरेलिन ही औषधे हाच संदेश खंड न पडू देता देत राहतात. परिणामी पीयूषिका ग्रंथी प्रथम अतिउद्दीपित होते व नंतर प्रतिसाद देणे बंद करते. सुमारे तीन ते चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन खच्चीकरणाच्या पातळीवर येते. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत मात्र ते वाढते. मणक्यात रोग पसरला असल्यास ही वाढ धोकादायक ठरू शकते, म्हणून आरंभी बायकॅल्युटामाइडसारखे पुरुष-संप्रेरकरोधक औषध सोबत दिले जाते. ही इंजेक्शने दर एक, तीन किंवा सहा महिन्यांनी घ्यावी लागतात.

जीएनआरएच-रोधक औषधे : डेगारेलिक्स हे इंजेक्शन आणि रेल्युगोलिक्स ही दररोज घ्यावयाची गोळी पीयूषिका ग्रंथीचे ग्राही थेट अडवतात. त्यामुळे सुरुवातीची वाढ होत नाही आणि काही दिवसांतच परिणाम दिसतो. रेल्युगोलिक्सला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.

इतर औषधे : सायप्रोटेरोन अ‍ॅसिटेट व मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन अ‍ॅसिटेट ही औषधे कामेच्छा कमी करण्यासाठी, विशेषतः लैंगिक गुन्हेगारांच्या संदर्भात, वापरली गेली आहेत.

तुलना

रक्तातील टेस्टोस्टेरॉन प्रति डेसिलिटर ५० नॅनोग्रॅमच्या खाली आणणे हा खच्चीकरणाचा रूढ वैद्यकीय निकष आहे. दोन्ही पद्धतींनी तो साधतो आणि कर्करोगावरील नियंत्रणाच्या दृष्टीने त्या समतुल्य मानल्या जातात. त्यांतील खरा फरक वेग, खर्च, सातत्य आणि परत फिरण्याची शक्यता यांत आहे.

शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो आणि पुढे मात्रा चुकण्याचा प्रश्न उरत नाही. इंजेक्शने वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. ती वेळेवर न घेतल्यास टेस्टोस्टेरॉन पुन्हा वाढते. स्वखर्चाने उपचार घेणाऱ्या आणि रुग्णालयापासून दूर राहणाऱ्या रुग्णांसाठी ही बाब महत्त्वाची असते. याउलट औषधे थांबवल्यावर बहुतेकांची वृषणे हळूहळू पुन्हा कार्य करू लागतात. वयस्कर व दीर्घकाळ औषधे घेतलेल्या रुग्णांत मात्र ही सुधारणा मंद किंवा अपुरी असते. किरणोपचाराच्या जोडीने काही महिने किंवा दोन-तीन वर्षे एवढाच उपचार हवा असेल, तर औषधे अधिक योग्य ठरतात. अवयव गमावल्याची भावना टाळता येते, हेही अनेक रुग्ण औषधांना पसंती देण्याचे कारण आहे.

दोन्ही पद्धतींचे दुष्परिणाम मुख्यतः टेस्टोस्टेरॉनच्या अभावामुळे होतात, त्यामुळे ते बव्हंशी समान असतात : अंगातून गरम वाफा येणे, कामेच्छा व लिंगताठरता कमी होणे, थकवा, स्नायू क्षीण होणे, चरबी व रक्तशर्करा वाढणे, हाडे ठिसूळ होणे आणि मनःस्थितीत बदल. व्यायाम, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचे पुरेसे सेवन आणि अस्थिघनतेची तपासणी यांचा सल्ला दिला जातो. अधिवृक्क ग्रंथी व स्वतः अर्बुद यांतून थोडे पुरुष संप्रेरक तयार होत राहते. त्यामुळे कालांतराने कर्करोग पुन्हा वाढू लागल्यास अ‍ॅबिराटेरोन किंवा एन्झाल्युटामाइड यांसारखी औषधे जोडावी लागतात. अलीकडे पसरलेल्या रोगात ती आरंभापासूनही दिली जातात.

पारलिंगी व्यक्तींच्या संदर्भात

पारलिंगी स्त्रिया लिंगभाव-अनुरूप उपचारांत पुरुष-संप्रेरकरोधक औषधे घेऊ शकतात किंवा वृषणोच्छेदन करून घेऊ शकतात. शस्त्रक्रियेनंतर रोधक औषधांची गरज उरत नाही. परंतु हाडांच्या रक्षणासाठी इस्ट्रोजेन चालू ठेवावे लागते. भविष्यात अपत्य हवे असल्यास शुक्राणू आधीच साठवणे आवश्यक असते. हिजडा समुदायातील ‘निर्वाण’ ही परंपरागत प्रक्रिया रुग्णालयाबाहेर झाल्यास जीवघेणी ठरू शकते. समुदायातील सर्वच व्यक्ती ती करून घेत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदेशीर ठरवले.

कायदा आणि संमती

डेन्मार्कने १९२९ मध्ये लैंगिक गुन्ह्यांच्या संदर्भात खच्चीकरणास कायदेशीर मान्यता दिली. नाझी जर्मनीत १९३३ च्या कायद्याने ते सक्तीने करता येऊ लागले. ब्रिटनमध्ये समलैंगिक संबंधांबद्दल दोषी ठरलेले गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये तुरुंगवास टाळण्यासाठी वर्षभर इस्ट्रोजेन घेणे स्वीकारले. १९५४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर राजक्षमा देण्यात आली. औषधी पद्धत शरीरावर व्रण ठेवत नसली, तरी ती सौम्यच असते असे नाही, हे या प्रकरणातून दिसून येते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९६ मध्ये बालकांवरील काही लैंगिक गुन्ह्यांसाठी औषधी खच्चीकरणाचा कायदा केला. त्यात गुन्हेगारास स्वेच्छेने शस्त्रक्रियेचा पर्याय आहे. दक्षिण कोरिया व इंडोनेशिया यांनीही तत्सम कायदे केले. इंडोनेशियातील डॉक्टरांच्या संघटनेने मात्र शिक्षा म्हणून हे औषध देण्यास वैद्यकीय नीतीच्या आधारावर नकार दिला. चेक प्रजासत्ताकात बंदिस्त लैंगिक गुन्हेगारांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेस युरोप परिषदेच्या छळप्रतिबंधक समितीने २००९ मध्ये मानहानिकारक वागणूक ठरवले. सुटकेची आशा समोर असताना दिलेली संमती कितपत मुक्त असते, हा या आक्षेपाचा गाभा आहे.

परिणामकारकतेबाबतही मर्यादा आहेत. कामेच्छा कमी झाली तरी हिंसेची प्रवृत्ती नाहीशी होतेच असे नाही; शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यास शस्त्रक्रियेचाही संप्रेरकीय परिणाम पुसता येतो. भारतात डिसेंबर २०१२ च्या दिल्ली सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मधील अहवालात रासायनिक खच्चीकरणाची शिक्षा नाकारली. संमतीविना घातक दुष्परिणाम लादणे घटनाबाह्य ठरेल आणि अशा शिक्षेने बलात्कारामागील सामाजिक कारणे दूर होत नाहीत, अशी समितीची भूमिका होती. त्याच वर्षीच्या फौजदारी कायदा दुरुस्तीत या शिक्षेचा समावेश झाला नाही. दुसऱ्याचे पुरुषत्व बळाने नष्ट करणे हे भारतीय दंड संहितेत ‘जबर दुखापती’च्या प्रकारांत पहिल्या क्रमांकावर होते आणि भारतीय न्याय संहितेतही ते स्थान कायम आहे.