बोटीचं इंजिन का गुदमरतं?

उजनी धरणाच्या पाण्यात संथ चालणारी बोट वेग वाढवताच आचके देऊ लागली, तर जुन्या इंजिनाचा प्लग बदलायची घाई नको. आधी टाकीच्या झाकणावरची हवेची वाट तपासावी. ती बंद असली, की पाणी ओढताना प्लॅस्टिकची बाटली चपटते तसा इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा चपटतो.

फुगा दाबत राहिल्यावर इंजिन पळतं? मग संशय इंधनपंपाच्या पडद्यावर.

महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडतो, उरलेला चिकटा कार्ब्युरेटरचं बारीक छिद्र बुजवतो. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे काही अंशी आपला ऊसच! ते हवेतला ओलावा शोषतं. पाणी फार झालं, की दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. शेतातला पेट्रोलवरचा फवारणी पंपही याच कारणाने रुसतो.