वेलीचा स्वभाव आणि कमानीचा बंदोबस्त

सातपुड्याचा डोंगर दक्षिणेकडे उतरून जेथे नागपूरच्या सपाटीला मिळू लागतो, तेथे सौसर तहसिलीत मोहगाव हवेली हे गाव आहे. अर्धनारीश्वराच्या देवालयामुळे त्याची ख्याती पंचक्रोशीपलीकडे गेली आहे, भोवती कापसाची काळी जमीन आणि संत्र्यांचे बगीचे आहेत, आणि २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून त्याचे कागदपत्र छिंदवाड्याऐवजी नव्या जिल्ह्याच्या दफ्तरी दाखल होऊ लागले आहेत. या मुलखात वेलींचा परिचय कोणास करून द्यावा लागत नाही. सांदवाडीतील मांडवावर दोडकी, कारली आणि वालाच्या शेंगा पिढ्यान्‌पिढ्या लोंबत आल्या आहेत. परंतु फाटकावर कमान उभारून तिच्यावर फुलांची वेल चढवावी असे ज्याच्या मनात येते, तो बहुधा रोपवाटिकेत जातो, ज्या फुलाचा रंग डोळ्यांत भरेल ते रोप घेऊन येतो, आणि मग त्याला साजेशी कमान करून घेतो. हा क्रम मला सर्वथैव उलटा वाटतो. वेल कोणत्या अवयवाने आणि कोणत्या रीतीने चढते हा प्रश्न प्रथम विचारावा. फुलाच्या रंगाचा आणि गंधाचा विचार त्यानंतर करण्यास पुष्कळ अवसर असतो.

हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने आणि विलक्षण चिकाटीने ज्याने हाताळला तो चार्ल्स डार्विन होय. वेलींच्या गती आणि सवयी यांविषयीचा त्याचा दीर्घ निबंध १८६५ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि १८७५ साली तो सुधारून ग्रंथरूपाने निघाला. आजारपणात खोलीत पडून असता त्याने हॉप नावाच्या वेलीचे रोप जवळ ठेवून तिच्या शेंड्याचे अहोरात्र निरीक्षण केले, आणि तो शेंडा आधाराच्या शोधात हवेत वर्तुळे काढीत असतो व एक फेरा सरासरीने दोन तास आठ मिनिटांत पुरा करतो, असे त्यास आढळले. खोडाच्या एका बाजूच्या पेशी क्षणकाल अधिक लांबतात, मग शेजारच्या बाजूच्या, मग तिच्या पलीकडच्या, आणि वाढीची ही पाळी खोडाभोवती फिरत राहिल्याने शेंडाही फिरतो. फिरता फिरता काठी आड आली की तिच्याभोवती वेटोळे पडू लागते. आपल्याकडील गोकर्ण, गारवेल, गणेशवेल आणि कडुनिंबावर चढणारी गुळवेल या सर्व याच जातीच्या, म्हणजे खोडानेच विळखा घालणाऱ्या वेली आहेत.

या विळख्याची दिशा वेलीच्या जातीने ठरविलेली असते, माळ्याच्या इच्छेने नव्हे. जगाच्या निरनिराळ्या भागांतील वेली तपासून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ९२ टक्के वेली एकाच दिशेने, म्हणजे नेहमीच्या उजव्या आट्याच्या स्क्रूप्रमाणे वळतात असे दिसून आले. आणि विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस हे प्रमाण तेच राहिल्यामुळे, सूर्याच्या भ्रमणामुळे वेल वळते ही जुनी कल्पना टिकाव धरू शकली नाही. कंदांच्या वेलींत तर सख्ख्या बहिणींचे मार्ग भिन्न आहेत: कोनफळाची वेल एका अंगाने वळते आणि कडूकरांदा दुसऱ्या. म्हणून कोवळा शेंडा हाताने कमानीभोवती गुंडाळताना त्याची स्वाभाविक दिशा आधी पाहून घ्यावी. उलट गुंडाळलेला शेंडा आपला विळखा सोडवून पुनः मूळ वळणावर जातो, आणि त्या खटाटोपात त्याचे काही दिवस व्यर्थ जातात.

दुसरा वर्ग तणाव्यांनी चढणाऱ्या वेलींचा. तणावा हा मुळात कोणता अवयव होता हे प्रत्येक कुळात निराळे असते: माघात नारिंगी फुलांनी लवणाऱ्या संक्रांतवेलीत संयुक्त पानाच्या शेवटच्या दलाचा तणावा झालेला असतो, तर कृष्णकमळात तो पानाच्या बगलेतून निघतो. यांची स्पर्शसंवेदना आश्चर्यकारक आहे. कृष्णकमळाच्या एका जातीचा तणावा स्पर्श झाल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाकू लागतो असे डार्विनने नोंदविले आहे. आणि पावसाच्या थेंबांनी मात्र तो फसत नाही, ही गोष्ट तर मला त्याहून मनोहर वाटते, कारण पर्जन्यकाळी प्रत्येक थेंबाला आधार समजून जर तणावे वाकू लागले असते तर वेलीची सारी शक्ती त्यातच खर्ची पडली असती. आधार सापडला की तणाव्याचा मधला भाग मळसूत्राकार वळतो, आणि दोन्ही टोके बद्ध असल्यामुळे अर्धे आटे एका दिशेने व अर्धे विरुद्ध दिशेने पडतात, म्हणजे एकंदर पीळ शून्य राहतो. काकडीच्या तणाव्यात हे कसे घडते याचा उलगडा हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली केला: आतमध्ये तंतुपेशींची दोन थरांची पट्टी असते, आणि तिचा एक थर दुसऱ्यापेक्षा अधिक आकुंचन पावतो. परिणामी वाऱ्याच्या झोतात वेल हेलकावते, पण तुटत नाही.

यावरून कमान करणाऱ्याने बोध घ्यावयाचा तो असा, की तणाव्याला बोटाएवढा जाड नळही पकडता येत नाही. त्याला बारीक तार, सुतळी किंवा जाळी लागते. खोडाने वेढणाऱ्या वेलीस काठी चालते, पण जाड गुळगुळीत खांब तिलाही चढवत नाही. आणि बोगनवेल, जाई, जुई, मधुमालती यांना तर धड विळखाही नाही आणि तणावाही नाही. बोगनवेल काट्यांनी अडकून, मधुमालती गळालेल्या पानांच्या देठांचे जे टणक आकडे मागे राहतात त्यांच्या साहाय्याने, आणि जाई-जुई केवळ शेजारच्या झाडाझुडपांवर रेलून वर जातात. त्यांना कमानीवर हातानेच बांधावे लागते, आणि बांधण्यास तार न वापरता सुती चिंध्या सैल गाठीने वापराव्यात, कारण खोड जाड होत जाते आणि तार त्यात रुतते. मुळ्यांनी चिकटणाऱ्या वर्गात नागवेल येते. रामटेकचे पानमळे येथून फारसे लांब नसल्याने तिचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु पानमळ्यातील दमट सावली उघड्या फाटकावर वैशाखात मिळणे अशक्य, म्हणून तो विचार सोडून द्यावा.

वैशाखाचा विषय निघाला आहे तर लोखंडाविषयीही सांगितले पाहिजे. पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो तेव्हा उन्हातील लोखंडी नळ हवेपेक्षाही पुष्कळ अधिक तापतो आणि त्याला टेकलेला कोवळा शेंडा करपतो; नळाभोवती काथ्याची दोरी गुंडाळावी, म्हणजे ताप लागत नाही आणि वेलीला खडबडीत धरही मिळतो. याहून मोठी अडचण जमिनीची. येथील काळ्या मातीतील चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पाडतात, त्यामुळे उथळ पुरलेले कमानीचे पाय दोन-तीन वर्षांत तिरके होतात. खड्डा खोल घेऊन तो मुरूम व गिट्टीने भरावा आणि मग पाय रोवावेत. वेलीचे रोपही पायाला अगदी खेटून न लावता हातभर दूर, किंचित उंचवट्यावर लावावे, म्हणजे श्रावणात मुळांशी पाणी साचत नाही.

आता निवड. हलकी कमान असेल तर गोकर्ण मला सर्वांत हितकर वाटते: ती बियांपासून एका पावसाळ्यात वर जाते, तिच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, आणि बिघडले तर पुढील मृगात पुन्हा पेरता येते. पक्की, नीट जोडलेली कमान असेल तर मधुमालती लावावी. तिचे फूल सायंकाळी शुभ्र उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे गडद तांबडे होते. पहिल्या रात्री पांढरा रंग आणि सुवास निशाचर पतंगांना बोलावतात, नंतरचे रंग दिवसा हिंडणाऱ्या मधमाश्या व फुलपाखरांना. तिचा भार मात्र मोठा असतो, आणि पावसाने भिजल्यावर वादळात तो कमानीसह कलंडतो, म्हणून दर हिवाळ्याअखेर तिची निर्दय छाटणी अवश्य करावी. संक्रांतवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील असली तरी येथील कोरड्या हिवाळ्यात उत्तम बहरते. बोगनवेलही तिकडचीच, तिच्यासंबंधी संत्र्याच्या बागायतदारास काहीच शिकवावे लागणार नाही, कारण अंबिया बहारासाठी तो ज्याप्रमाणे झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण देतो, त्याचप्रमाणे बोगनवेलीसही ताण दिल्यावाचून रंग चढत नाही. रोज पाणी घातलेली बोगनवेल पाने आणि काटे भरपूर देते, फुले देत नाही. मुलांची ये-जा असलेल्या अरुंद फाटकावर ती लावू नये.

आपल्या अरण्यांतील माधवीलता फार थोड्या अंगणांत दिसते, याचा मला खेद आहे. वसंताच्या आरंभी तिला पांढरी, झालरदार पाकळ्यांची सुगंधी फुले येतात, एका पाकळीवर पिवळी छटा असते, आणि त्यांतील काही फुले परस्परांची आरशातील प्रतिमा असावीत अशी डाव्या-उजव्या घडणीची असतात. फळाला तीन पंख असतात, त्यांवर ते वाऱ्यात भिरभिरत दूर जाते. मॉरिशस आणि रीयूनियन बेटांवर हीच वेल उपद्रवी ठरली आहे, परंतु भारत ही तिची जन्मभूमी आहे. तिचे खोड कालांतराने मनगटाहून जाड होते, म्हणून तिच्यासाठी बाजारू कमान पुरणार नाही. सागाचे खांब लागतील.

शेवटची गोष्ट पाण्याची. वेल स्वतःचे वजन स्वतः पेलीत नाही, म्हणून खोडाचे लाकूड भरण्याऐवजी ती पाने वाढविते, आणि एवढ्या पानांना पाणी पुरविण्यासाठी तिच्या बारीक खोडातील जलवाहिन्या रुंद असतात. पानांतून एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणून पश्चिमेच्या दारावरील हिरवी कमान टिनाच्या छपरापेक्षा थंड वाटते. परंतु हे पाणी मुळांना मिळत राहिले पाहिजे. चैत्रापासून मुळांशी तणसाचे किंवा वाळल्या पानांचे आच्छादन घालावे, बोगनवेल वगळता इतर वेलींना सायंकाळी दोन-तीन दिवसांआड खोल पाणी द्यावे, आणि नवीन रोप मृगाचा पहिला चांगला पाऊस जमिनीत मुरल्यावरच लावावे.