गोळ्या चालू आहेत, पण गुण येत नाही

एकाएकी छाती धडधडू लागते. दरदरून घाम फुटतो. हातपाय कापतात. आता जीव जातोय, असं वाटतं. साधारण दहा मिनिटांत ही लाट टिपेला पोचते आणि मग हळूहळू ओसरते. पण पुन्हा असं होईल, या धास्तीने माणूस बाजाराला जात नाही, एस.टी.त बसत नाही. ही करणी नव्हे आणि नाटकही नव्हे. हा आजार आहे. डॉक्टर त्याला 'पॅनिक' म्हणतात.

पुष्कळ जण म्हणतात, "दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, गुणच येत नाही!" मग करायचं काय? आपण एकेक गोष्ट तपासून पाहू.

पहिली गोष्ट, दिवस मोजा. या आजाराच्या मुख्य गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या लगेच लागू पडत नाहीत. त्यांना कित्येक आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी थोडी वाढतेही. त्याला भिऊन गोळी टाकू नका, डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोष्ट, खंड पडतो का? आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडावर गोळ्या संपतात. मुकादम सुट्टी देत नाही. मग आजार उलटतो आणि दोष औषधाला लागतो. म्हणून टोळी निघण्याआधीच डॉक्टरांना सांगा, "आम्ही पाच-सहा महिने बाहेर आहोत." जास्त दिवसांची औषधं मागा. चिठ्ठी जपून ठेवा. ती दाखवून तिकडच्या सरकारी दवाखान्यात विचारा.

तिसरी गोष्ट, मूळ दुसरंच आहे का? थायरॉईडचा विकार, अंगात रक्त कमी असणं, हृदयाचे ठोके बिघडणं, यांतही धडधड होते. तपासणी करून घ्या. दारू, तंबाखू आणि वरचेवर चहा यांनीही त्रास वाढतो. छातीत दुखलं, तर 'पॅनिकच असेल' म्हणून घरी बसू नका. आधी दवाखाना गाठा.

चौथी गोष्ट, झोपेच्या गोळीवरच भिस्त आहे का? तिने तात्पुरतं बरं वाटतं, पण सवय जडते. ती आपल्या मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका.

पाचवी गोष्ट, निव्वळ गोळीने भागत नाही. समुपदेशक मनाची भीती उलगडून दाखवतात. ज्या जागेला भितो, तिथे थोडं थोडं जायला शिकवतात. आज फाट्यापर्यंत, उद्या थांब्यापर्यंत, मग एस.टी.त. भीती टाळली की वाढते, सामोरं गेलं की ओसरते.

एवढं करूनही गुण नाही? तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गोळीचं प्रमाण बदलता येतं, गोळीही बदलता येते. मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. २०२२ सालापासून सरकारचा 'टेलि-मानस' फोनही आहे. १४४१६ हा नंबर फिरवा. पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्रीही कोणी ऐकायला असतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला, तर क्षणभरही थांबू नका. घरच्यांना सांगा, फोन करा, दवाखान्यात चला.

देवाला जा, नवस फेडा. पण गोळी चुकवू नका. एक उपाय हरला, म्हणजे सगळे उपाय हरले असं होत नाही.