सीडी तीनशे अठराची उचकी

पियानोवादक ग्लेन गूल्डने वाजवलेल्या बाखच्या ‘इन्व्हेन्शन्स’ची रेकॉर्ड वीसेक वर्षांपूर्वी एका मित्राने मला दिली. रेकॉर्ड लावण्याआधी पाकिटामागचा मजकूर वाचायची माझी जुनी सवय. तो वाचताना मी तिथेच अडकलो. खुद्द गूल्डने ऐकणाऱ्यांना सावध केलं होतं, की संथ जागी, मधल्या सप्तकातल्या काही स्वरांत, एक बारीकशी उचकी ऐकू येईल. पियानोवर शस्त्रक्रिया चालू आहे आणि अजून पुरी झालेली नाही. पण त्याचे बाकीचे गुण इतके मोलाचे आहेत, की उचकीसकट तो आम्हाला हवा आहे.

आपल्या वाद्यातली खोड असा जगजाहीर करणारा वादक मी तोवर पाहिला नव्हता. मी रेकॉर्ड लावली, कान टवकारून बसलो, आणि उचकी खरंच सापडली. त्यानंतर एका प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. ही शस्त्रक्रिया करत कोण होतं?

गूल्डची कहाणी पहिल्यापासून सांगायला नको. १९३२चा जन्म, गाव टोरांटो. वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली घडीची खुर्ची, जमिनीपासून जेमतेम चौदा इंच उंच. तिची बैठक झिजून गेली तरी त्याने ती बदलली नाही. भर उन्हाळ्यात ओव्हरकोट आणि हातमोजे, वाजवताना चाललेलं गुणगुणणं, १९५५ची बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची रेकॉर्ड, १९५७चा मॉस्को-लेनिनग्राड दौरा. आणि १० एप्रिल १९६४ला लॉस एंजेलिसला वाजवून, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मैफिलींना कायमचा रामराम. यावर ढिगाने लिहिलं गेलं आहे. त्यातलं बरंचसं त्याच्या लहरींभोवती घोटाळतं. मला त्या लहरींपेक्षा त्याचं वाद्याशी चाललेलं भांडण मोठं वाटतं, कारण त्याचं संगीत त्या भांडणातून घडलं.

गूल्डला पियानोचा भरदार, घुमणारा आवाज नकोच होता. बाखच्या रचनेत दोन, तीन, कधी चार धुना एकाच वेळी आपापल्या वाटेने चालतात. त्यातली प्रत्येक वेगळी ऐकू यायची तर स्वर कोरडा, नेमका आणि लगेच विझणारा हवा. पट्ट्याही हलक्या हव्यात. त्याच्या घरी चिकरिंग कंपनीचा एक जुना पियानो होता, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या पट्ट्या बोट टेकवताच दबत. स्टाइनवे कंपनीच्या मोठ्या, भारदस्त पियानोत त्याला तो हलकेपणा हवा होता आणि कंपनीचे तंत्रज्ञ त्याच्या मागण्यांनी टेकीला आले होते.

डिसेंबर १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या स्टाइनवे हॉलमध्ये कंपनीचे मुख्य तंत्रज्ञ विल्यम हुप्फर यांनी गूल्डच्या खांद्यावर हात टाकला. हुप्फर म्हणजे रॅखमनिनॉफसाठी पियानो सिद्ध करणारा माणूस. तो स्पर्श मायेचा होता असं बाकी सगळे म्हणतात. त्याने आपल्याला दुखापत झाली, असं गूल्डचं म्हणणं. फिलाडेल्फियात महिनाभर धड प्लॅस्टरमध्ये घालून तो पडून राहिला आणि त्याने कंपनीवर तीन लाख डॉलरचा दावा ठोकला. १९६१ साली प्रकरण सुमारे ९,३७२ डॉलरवर मिटलं. गूल्डवर माझा कितीही जीव असला तरी इथे मी हुप्फर यांच्या बाजूने उभा आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटांसाठी वाद्य घडवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यायला नको होतं.

दावा चालू असतानाच, १९६०मध्ये, टोरांटोतच गूल्डला हवं ते सापडलं. कॉलेज स्ट्रीटवरच्या ईटन्स या मोठ्या दुकानाच्या सातव्या मजल्यावर एक सभागृह होतं. तिथे एक स्टाइनवे उभा होता, महायुद्धाच्या काळात घडलेला, अनेक पाहुण्या वादकांच्या हातांखालून गेलेला आणि आता परत पाठवायच्या बेतातला. नंबर सीडी ३१८. यातली दोन अक्षरं मैफिलीसाठी राखलेल्या, जवळजवळ नऊ फूट लांबीच्या पियानोची. इतरांनी थकलेला ठरवलेल्या या वाद्यात गूल्डला तो कोरडा, लख्ख स्वर मिळाला.

आणि ईटन्सकडे एक सूर लावणारा होता, व्हर्न एडक्विस्ट.

१९३१ साली सास्काचवानमध्ये जन्मलेला, मंदीच्या वर्षांत वाढलेला मुलगा. डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू, दिसायचं ते अगदी पुसट. घरापासून शेकडो मैल लांब, ओंटारिओतल्या ब्रॅंटफर्डच्या अंधशाळेत त्याला धाडलं. तिथे मुलांना पोटापाण्यासाठी जे शिकवत त्यात पियानोचा सूर लावणं होतं. पुढे टोरांटोत हाइन्झमन या पियानोच्या कारखान्यात तो लागला आणि तिथून ईटन्समध्ये आला. त्याला स्वर रंगांत दिसत. ही देणगी क्वचित कुणाला असते. एडक्विस्टने तिचा गवगवा केला नाही.

गूल्डशी त्याची गाठ पडली ती एका नकारातून. गूल्डच्या घरच्या चिकरिंगचा सूर लावायला ईटन्सने त्याला पाठवलं. त्याने किल्ली लावून पाहिली. तारा ज्यांना गुंडाळतात त्या खुंट्या ढिल्या झाल्या होत्या. आधी खुंट्या बदला, असा सूर टिकणार नाही, असं सांगून तो काम न करताच निघाला. त्याआधी आलेल्यांनी मुकाट्याने सूर लावून पैसे घेतले असणार. स्पष्ट नाही म्हणणारा हा माणूस गूल्डने धरून ठेवला.

एडक्विस्टचं काम आपल्या कानाने समजून घ्यायला हवं. तंबोरा लावताना आपण पंचम शुद्ध लावतो. षड्जाशी तो एकजीव होईस्तोवर खुंटी आणि मणी हलवत राहतो. पियानोचा सूर लावणाऱ्याला नेमकं हेच सुख नाही. बाराही स्वर सारख्या अंतरावर बसवायचे तर प्रत्येक पंचम मुद्दाम किंचित उतरा ठेवावा लागतो, शुद्धापासून एका अर्धस्वराच्या पन्नासाव्या भागाइतका. दोन तारा एकत्र वाजल्या की आवाज हलकेच वरखाली डोलतो. भौतिकशास्त्रात त्याला विस्पंद म्हणतात. तो डोल किती सावकाश व्हायला हवा हे कानाने मोजत दोनशेहून जास्त तारा लावायच्या. म्हणजे शुद्ध काय ते पक्कं ओळखायचं आणि त्याच्या अलीकडे, प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरावर, थांबायचं. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या कारागिराला मी तासभर पाहिलं आहे. घोडीवर कानस फिरवायची, दोरा सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. तार छेडल्यावर तो मान जशी तिरकी करायचा, तसाच एडक्विस्ट माझ्या डोळ्यांसमोर येतो.

सूर लावणं ही फक्त सुरुवात होती. पियानोची पट्टी दाबली की लोकरीच्या नमद्याने मढवलेला हातोडा तारेकडे उसळतो, तारेला लागण्याआधी क्षणभर यंत्रणेतून सुटतो, आपल्या वेगाने आदळतो आणि मागे पडतो. नमदा घट्ट झाला तर आवाज टणक येतो, मग सुया टोचून तो सैल करायचा. मऊ पडला तर कानशीने घासायचा. गूल्डला पट्टी कमी खोल दबायला हवी होती, हातोडा तारेच्या जवळ हवा होता, म्हणजे बोटाचा हुकूम तात्काळ पाळला जातो. पण हातोड्याला मागे पडायला पुरेशी जागा उरली नाही, तर हळू दाबलेल्या पट्टीवर तो उसळून तारेला दुसऱ्यांदा शिवतो. हीच ती उचकी. हलकेपणाच्या शेवटच्या टोकाला यंत्राने दिलेलं ते उत्तर होतं. तिच्या अलीकडे केसभर थांबायचं, हे पुढची कित्येक वर्षं एडक्विस्टचं काम झालं.

१९७०च्या सुमारास गूल्डने ध्वनिमुद्रणच ईटन्सच्या सभागृहात आणलं. काम रात्री चाले. एडक्विस्ट जवळच बसून असे. एखादा स्वर उतरला की उठायचं, किल्ली लावायची, पुन्हा जाग्यावर. लोकांच्या तोंडी असलेल्या गूल्डच्या दोन रेकॉर्ड्स म्हणजे १९५५ची आणि १९८१ची ‘गोल्डबर्ग’. या दोन्हींत ३१८ नाही. पण मधल्या दोन दशकांतलं त्याचं बहुतेक एकल वादन, ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’च्या दोन्ही भागांसकट, याच पियानोवर झालं. म्हणूनच चरित्रांमध्ये एडक्विस्टला ओझरत्या उल्लेखावर भागवलेलं पाहिलं की मला राग येतो. २००८ साली केटी हाफ्नर या पत्रकार बाईंनी गूल्ड, ३१८ आणि एडक्विस्ट या तिघांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे त्याचं नाव बाहेर आलं.

१९७१मध्ये क्लीव्हलंडला ध्वनिमुद्रण ठरलं होतं. पियानो पुढे गेला, गूल्ड आजारपणामुळे गेलाच नाही. परतीच्या वाटेवर पियानो पडला. नुकसानाची यादी मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी घसा कोरडा पडतो. सगळ्या तारांचा ताण, काही टन ताण, पेलणारी लोखंडी चौकट चार मोक्याच्या ठिकाणी तडकलेली. झाकण फुटलेलं. ध्वनिफळी वरच्या सप्तकांच्या बाजूला चिरलेली. चौकट तडकणं म्हणजे पियानोचा कणाच मोडणं.

न्यूयॉर्कला कारखान्यात नवी चौकट घालून तो परत आला. तेच लाकूड, तोच नंबर, पण आवाज तो नव्हे. एडक्विस्ट वर्षानुवर्षं जुना स्वर शोधत राहिला. गूल्डने त्यावर आणखी कितीतरी वाजवलं आणि कुरकुरतही राहिला. मोडलेल्या वाद्यापाशी दोघांनी घालवलेली ही वर्षं मला या साऱ्या कहाणीत सर्वांत जिव्हाळ्याची वाटतात.

१९८१ला न्यूयॉर्कमध्ये गूल्डने एक यामाहा घेतला आणि ‘गोल्डबर्ग’ पुन्हा वाजवली. पहिल्या खेपेला अडतीस मिनिटांत संपलेली रचना आता एकावन्न मिनिटं चालली. लोक तिच्यावर जीव टाकतात, मीही टाकतो, पण त्या आवाजात ३१८ची कोरडी चमक मला सापडत नाही. ४ ऑक्टोबर १९८२ला, पन्नाशी पुरी होऊन नऊ दिवस होत नाहीत तोच, पक्षाघाताने गूल्ड गेला. सीडी ३१८ ओटावाला गेला. एडक्विस्ट २०२०च्या ऑगस्टमध्ये टोरांटोत वारला, एकोणनव्वद वर्षांचा होऊन.

ही बातमी वाचली त्या रात्री मी ‘इन्व्हेन्शन्स’ काढली. संथ जागा आली. डावा हात खाली चालत होता, उजव्याने मधल्या सप्तकातला एक स्वर लांबवला, आणि हातोडा तारेला दुसऱ्यांदा शिवला. मी सुई उचलून तेवढीच जागा परत लावली.